दोन सुतं जाड

सुधन्वा देवस्थळीला साडू एकच, पण तो एकटाच दहांना पुरून उरेल असा. उन्मेष त्याचं नाव. राहणार गुरुग्राम, मजला एकविसावा. वृंदाच्या धाकट्या बहिणीचा, निधीचा, नवरा. सुधन्वाहून नऊ वर्षांनी लहान आणि पगाराने... पगाराचं सोडा. पगारावरून सुधन्वा कधी कुणावर जळला नाही. तो केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होता, फरीदाबादला स्वतःचं घर होतं, घराला लागून पत्र्याची शेड होती. त्याचा जळफळाट व्हायचा तो त्या शेडमधल्या जीपवरून.

जीप हा त्याचा प्रांत होता. वडील साताऱ्याहून दिल्लीत कारकून म्हणून आले, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये हा वाढला. गाडीचं काम कुणी शिकवलं नाही. रविवारी मायापुरीच्या भंगारबाजारात उभं राहून, शिव्या खात, हात काळे करत शिकला. तिथल्या मराठी मंडळातल्या पोरांना तो दम द्यायचा, "खोलण्याआधी मोजा. मोजलं नाहीत तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

दिल्लीकडच्या मराठी घरांतली बरीच माणसं चौदा जानेवारीला पानिपतला काळ्या आंबाच्या स्मारकापाशी जातात, तशी यांच्या मंडळाचीही जायची. माथा टेकवायचा, तिळगूळ वाटायचा. पण यांची आणखी एक रीत होती. जीपवाले सहा-सात जण आपल्या गाड्या ट्रकवर लादून यमुनेच्या पात्रापर्यंत न्यायचे, तिथे उतरवायचे आणि वाळूतला एक कोरडा, खोल नाला पार करायचे. पहिल्या गाडीला भगवा झेंडा. ती गाडी कुठेही न अडकता पार झाली, की वर्षभर झेंडा तिचा; अडकली, तर पुढची जी पार होईल तिचा. सलग अकरा वर्षं तो सुधन्वाकडे होता.

गेल्या वर्षी गेला. सुधन्वाने नवी, मोठी चाकं घातली होती, पस्तीस इंची. चाकं वाढवली, पण पुढचा ॲक्सल, म्हणजे पुढची दोन चाकं ज्या लोखंडी कण्यावर फिरतात तो, कंपनीतून आला तोच. नाल्याच्या ऐन मध्यावर चाक दगडात अडलं, याने रागाने रेस दिली, आणि खाली टक्कन आवाज झाला. चाक फिरवणारा आतला शाफ्ट सुपारीसारखा फुटला. उन्मेषच्या जीपने दोर लावून त्याला बाहेर ओढलं. सगळ्यांसमोर एका गाडीचा झेंडा सोडून दुसऱ्या गाडीला बांधला गेला. वरून उन्मेष म्हणाला, "होता है दादा, टेन्शन नॉट!"

हे 'टेन्शन नॉट' सुधन्वाच्या छातीत वर्षभर रुतून बसलं होतं.

दिवाळीला सगळे उन्मेषकडे जमले तेव्हा तो सासूबाईंसमोर म्हणाला, "दादा, मी पुढचा ॲक्सल परत बदललाय. माझा आधीचा मजबूत आहे, बिल्कुल ओके. आपल्या दोघांच्या जीपा सारख्याच, तुझ्या मागच्याशी नीट जुळेल. पार्किंगमध्ये पडलाय, घेऊन जा ना."

"किती करतो ना सगळ्यांचं!" सासूबाई म्हणाल्या.

सुधन्वाने करंजी बशीत ठेवली. "दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले कपडे मी लहानपणीही घातले नाहीत."

"अहो, ॲक्सल आहे, शर्ट नाही," वृंदा पुटपुटली.

जेवण झाल्यावर सगळे पत्ते खेळत बसले तेव्हा हा गृहस्थ सिगारेटचं निमित्त करून खाली पार्किंगमध्ये गेला. सिगारेट तो ओढत नाही. उन्मेषच्या जीपखाली उताणा शिरला आणि नव्या ॲक्सलच्या नळीला दोरा गुंडाळून जाडी मोजून आला. सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, "साहब, कुछ गिर गया क्या?" काय सांगणार? खूप काही पडलं होतं.

डिसेंबरच्या एका रविवारी तो मायापुरीत गुलशनच्या दुकानासमोर उभा होता. गुलशन त्याचा वीस वर्षांपासूनचा ठरलेला दुकानदार. त्याने तीन ॲक्सल दाखवले. पहिला जीपचाच, फक्त आतले शाफ्ट चांगल्या पोलादाचे. दुसरा थोडा जाड, पाहिजे त्या मापाचा. तिसरा कुठल्याशा लष्करी ट्रकचा, मधला गोळा कलिंगडाएवढा.

"देवस्थळी साब, आपके लिए दूसरा वाला," गुलशन म्हणाला. "तीसरा तो ट्रक का बाप है. इसका पिछला जोड़ीदार भी रोहतक चला गया."

सुधन्वाने खिशातून दोरा काढला. दुसरा उन्मेषच्या ॲक्सलएवढाच भरला. तिसरा दोन सुतं जाड.

"यही बाँधो."

"चक्कर की गिनती तो कर लो, साब."

"गुलशन, मुझे सिखाओगे?"

झालं. ज्या माणसाने आयुष्यभर मोजा मोजा म्हणून लोकांचं डोकं खाल्लं, त्याने एवढी एकच गोष्ट मोजली: साडूपेक्षा किती जाड.

महिनाभर शेडमध्ये वेल्डिंग चाललं. ऑफिसातून आला की कपडे बदलून थेट जीपखाली. पट्टे कापले, स्प्रिंगच्या बैठका नव्याने बसवल्या. जीप पुढून अशी दिसायला लागली की शेजारचे जैन काका म्हणाले, "युद्ध पर जा रहे हो क्या?" सुधन्वा खूश. मनात तो नाला केव्हाच पार करून बसला होता, आणि उन्मेष काठावर टाळ्या वाजवत होता.

दहा जानेवारीच्या सकाळी त्याने कॉलनीमागच्या माळावर चारही चाकांना ताकद देऊन जीप पळवली. शंभर पावलांत गाडी कण्हायला लागली. स्टिअरिंग जड, खालून करकर, आणि चारही चाकं जोडणारा लिव्हर परत मागे घेता येईना. सुधन्वाला घाम फुटला. काय झालंय ते त्याला कळलं होतं, पण कबूल करवत नव्हतं.

घरी आल्यावर त्याने वृंदाला हाक मारली. "खडू घेऊन ये."

मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर अधांतरी. वृंदाने टायरवर खूण केली आणि ते हळूहळू फिरवत राहिली. सुधन्वा खाली पडून मधल्या दांड्याच्या फेऱ्या मोजत होता. चाकाच्या दोन फेऱ्या, दांड्याच्या चारला थोडं वर. मग पुढे तेच केलं. चाकाच्या दोन फेऱ्या, आणि दांड्याच्या पाच भरून सहावी सुरू.

"परत फिरव."

तीनदा फिरवलं. आकडा काही त्याची कीव करेना. पुढची चाकं एका चालीने चालणार, मागची दुसऱ्या. एकमेकांना ओढत मधला गिअरबॉक्स फोडणार. आणि याच्याशी जुळणारा मागचा जोडीदार रोहतकला.

"हे आधी मोजत नाहीत का?" वृंदाने विचारलं. खोचकपणे नाही, खरंच विचारलं. ते जास्त लागलं.

"गुलशनकडचा दुसरा ॲक्सल?" तिनेच पुढे विचारलं.

"विकला. फोन केला होता." तो जीपखालून बाहेरच येईना. "आता झेंडा त्याच्याकडेच राहणार. दरवर्षी. आणि तुझी आई दरवर्षी म्हणणार, किती करतो ना."

वृंदाने हात झटकले. "उन्मेषला त्याच्या जुन्या ॲक्सलचं तुम्ही विचारता की मी विचारू?"

सुधन्वा शेवटी जीपखालून सरपटत बाहेर आला.

"मीच विचारतो," तो म्हणाला, आणि दात उपटून घ्यायला निघाल्यासारखा फोन हातात घेतला.

उन्मेष नुसता हो म्हणाला असता तरी एक वेळ चाललं असतं. तो टेम्पो करून ॲक्सल घेऊन स्वतः आला, अंगातलं जॅकेट काढून दोन दिवस त्याच्यासोबत जीपखाली पडला, आणि जाड ॲक्सल का काढला हे एका शब्दानेही विचारलं नाही. सुधन्वाला वाटत होतं, विचार रे, एकदा टोमणा मार, म्हणजे मला भांडता येईल. कसलं काय! "दादा, तुझं वेल्डिंग मात्र एक नंबर, यार!"

चौदाला नाल्यावर मंडळाच्या अध्यक्षा चंद्रप्रभाताई शाल गुंडाळून खुर्चीवर बसल्या होत्या. रीतीप्रमाणे झेंड्याच्या गाडीने आधी उतरायचं. उन्मेषने काठावर येऊन ब्रेक मारला आणि हात हलवला. "दादा, तू आधी!"

"उन्मेष, रीत आहे," ताई म्हणाल्या.

"ताई, रीत दादानेच सुरू केली. त्यालाच जाऊ दे."

सुधन्वा उतरला. तोच दगड, तोच चढ. चाक अडलं, पण या वेळी त्याने रेस दिली नाही. दम धरला, हळूच क्लच सोडला. पुढच्या चाकांनी दगड खाली दाबला आणि जीप एका दमात वर आली. टाळ्या पडल्या. उन्मेष धावत नाला ओलांडून आला, आपल्या हाताने झेंडा बांधला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "बघा, ॲक्सल आपलाच आहे हं!"

मंडळाची आठ-दहा माणसं वाकून जीपखाली बघायला लागली. झेंड्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

परत ट्रककडे जाताना सुधन्वा सगळ्यांत पुढे होता. शेजारी वृंदा. "मिळाला ना? आता तरी हसा."

तो आरशात बघत होता. मागे उन्मेषची जीप तोच नाला डांबरी रस्ता असल्यासारखी पार करून आली होती. ना अडली, ना धूळ उडवली.

"वृंदा, निधीला फोन लाव जरा."

"कशाला?"

"त्याने आता आतले शाफ्ट कोणते घातलेत, विचार. सहज."

"अहो, मागेच तर आहे तो. थांबवा गाडी आणि विचारा."

"मी नाही विचारणार," सुधन्वा म्हणाला आणि गिअर बदलला.