आईच्या कोपऱ्यातली माशी

बोदवडजवळच्या आमच्या शेतातला एक कोपरा आईने कधी फवारू दिला नाही. कपाशीच्या चार ओळी आणि बांधाला अंबाडी. ती भाजी घरात शिजायची, म्हणून. आई गेल्यावर धाकट्या भावाने कोपरा तसाच ठेवला. त्यात प्रेमापेक्षा आळस जास्त होता, असं मी आजही म्हणेन.

मी धुळ्याच्या एका प्रयोगशाळेत मित्रकीटकांवर काम करते. बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालणारी एक गांधीलमाशी असते, टाचणीच्या टोकाएवढी. तिच्यामुळे अळी जन्मायच्या आधीच संपते. विकत मिळणाऱ्या माश्या आमच्या उन्हात टिकेनात, म्हणून आम्ही गावोगावच्या माश्या गोळा केल्या. आईच्या कोपऱ्यातल्याही घेतल्या. सगळ्या स्पिरिटमध्ये बुडवल्या आणि त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा जनुकसंच वाचला. हा संच फक्त आईकडून येतो, बापाचा त्यात मागमूस नसतो. सातबाऱ्यावरून लेकीचं नाव काढायला माझी सही घेणाऱ्या घरातली मी. मला याचा भारी आनंद व्हायचा.

आमच्या कोपऱ्यातल्या माशीचा वंश बाकीच्यांपासून फार पूर्वीच फुटलेला निघाला. प्रयोगशाळेचे साहेब खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "आता जिवंत आणा. उन्हात तगली तर हीच वाढवू." पण जिवंत आणायची कुठून? थेट रावेरपर्यंत जो तो पंप पाठीवर घेऊन उभा. उरला तो आमचाच कोपरा.

भावाला फोन केला. "त्या चार ओळींना हात लावू नको. अळी पडली तर पडू दे, मला तिची अंडीच हवीत." तो हो म्हणाला. पुढे जेव्हा जेव्हा आठवण करून दिली, तेव्हा तेव्हा हो म्हणाला.

दसऱ्याच्या आधी साहेबांना घेऊन गेले. पान न् पान धुतल्यासारखं, आणि नाकात झोंबणारा तो ओळखीचा वास. भाऊ हौसेने पुढे आला.

"अक्का, काल तुह्या तुकड्याले दोनदा औषध मारलं, भारीतलं. साहेबाले एक बी अळी दिसाची नाही."

"नको म्हटलं होतं ना मी?"

"अवं, साहेब येनार, अन् बहिनीचा तुकडा किडका दिसला तं गाव मले काय म्हनीन?"

पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडे घर सारवतात. याने शेत सारवलं! त्याच्या मनात पाप असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. तीही सोय नव्हती. उन्हं कलेपर्यंत आम्ही भिंगाने पानं, पात्या, बोंडं चाळली. अंडी नाहीत, माशी नाही. साहेब घाम पुसत म्हणाले, "जनुकसंच तरी आहे आपल्याकडे." मेलेल्या माणसाची पत्रिका सांभाळून ठेवावी, तसं ते मला वाटलं.

वहिनीने भरीत-पुरीचा बेत केला होता. साहेबांनी मागून घेऊन खाल्लं. मला सगळ्यांत जास्त राग त्या भरिताच्या खमंग वासाचाच आला.

निघताना भाऊ गाडीपाशी आला. माझा चेहरा पाहून वरमला होता.

"पुढच्या साली सोडतो ना चार ओळी. त्यात काय एवढं?"

"सोड," मी म्हटलं. "पण त्यांत यायला आता उरलंय कोण?"