मायर्टलचं झाड

डेल्फिया स्टॅम्परचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि टॅनयार्ड नावाच्या डोंगरघळीतल्या वस्तीत ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. तिची सगळी उमर शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. तिथे मक्याच्या पिठाचं पोतं आलं की बाई आधी कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपायची. टपालवाला पाकिटं उन्हाला धरून वाचतो, असं तिचं ठाम मत होतं. घरात केलेल्या जॅमच्या बरण्यांवर ती नखाने बारीकशी खूण करून ठेवायची. आता त्या घरात ती आणि आर्वेल, दोघंच. म्हणजे संशय कुणावर, ते सांगायला नको.

आर्वेल तिचा नवरा. खाणीत विजेची कामं करायचा. भारी गरीब स्वभावाचा माणूस. तो म्हणायचा, "डेल्फी, तुला स्वर्गाच्या दारात उभी केली ना, तरी तू आधी बिजागऱ्या तपासशील."

"तपासीनच," ती म्हणायची. "सुताराचा काय भरवसा?"

तो आर्वेल गेल्या नोव्हेंबरात गेला. महिनाभर लेक्सिंग्टनच्या इस्पितळात होता आणि ती त्याच्या उशाशी. परत आली ती एकटीच. आल्यावर कित्येक दिवस तिने बागेकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.

आता पुन्हा ऑक्टोबर आला होता. बाग मात्र अशी फुलली होती की बघत राहावं. झिनियाचे वाफे लाल-केशरी झाले होते, झेंडू माजला होता, कोंबडतुऱ्याची फुलं मखमलीसारखी जड होऊन वाकली होती, आणि कुंपणाच्या तारेवर गारवेलीची निळी फुलं सकाळी दहापर्यंत टिकून असायची. डेल्फिया कॉफीचा कप घेऊन ओसरीवर बसायची. मांडीवर शेंगांचं टोपलं. एकेक शेंग दोऱ्यात ओवायची आणि चुलीमागे वाळत टांगायला माळ करायची. असं ऊन, अशी फुलं आणि हाताला काम. दुसरं कुणी असतं तर सुखात बसलं असतं.

पण डेल्फियाच्या डोक्यात किडा वळवळत होता. कारण होतं एक हमिंगबर्ड.

अंगठ्याएवढा जीव. पाठ हिरवी, पोट मळकट पांढरं. बाकीची पाखरं केव्हाच दक्षिणेला गेली होती. घळीच्या रीतीप्रमाणे डेल्फियाने सप्टेंबरातल्या कामगारदिनाच्या सोमवारी पाखरांसाठी टांगलेली साखरपाण्याची बाटली उतरवून, धुऊन, माळ्यावर टाकली होती. बाटली ठेवली की पाखरं लोभाने रेंगाळतात आणि थंडीत मरतात, असं तिची आई सांगायची. मग हा एकच का राहिला? तो यायचा, बाटलीच्या रिकाम्या आकड्यापाशी हवेत थांबून गुणगुणायचा, झिनियाच्या एखाद्या फुलात चोच घालून बघायचा, आणि सरळ कुंपण ओलांडून हॉबर्टच्या तंबाखूच्या कोठारामागे जायचा. दर वेळी तिकडेच.

"तिकडे एवढं काय पुरून ठेवलंय त्याने?" डेल्फिया शेंगांना म्हणाली.

हॉबर्ट साइझमोर म्हणजे पलीकडचा शेजारी. शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा. बायको वारून पाच वर्षं झाली होती. कोंबड्या होत्या, आणि डिकन नावाचा एक म्हातारा कुत्रा होता. बोलायला कंजूष. असा माणूस डेल्फियाला नेहमीच वाईट वाटायचा. बडबड्या माणसाच्या तोंडातून निदान खरं कधीतरी सांडतं, पण गप्प माणसाचं काय?

आणि हल्ली हॉबर्टचं काही ठीक नव्हतं. कुंपणातलं मधलं फाटक तो जन्मभर तारेने करकचून बांधून ठेवत आला होता. ते महिनाभरापासून नुसतं लोटलेलं दिसत होतं. फाटकाशी एक फावडं टेकवलेलं. कुणी फावडं असं महिनाभर उघड्यावर ठेवतं का? डिकन एरवी पानाच्या सळसळीवर भुंकायचा, त्याला त्याने घराच्या पार पुढच्या बाजूला नेऊन बांधलं होतं. आणि दर रविवारी हॉबर्ट पिकअप असा घर्रघर्र करत काढायचा, दोनदा हॉर्न वाजवायचा आणि मग चर्चला जायचा. हॉर्न कुणासाठी? रस्त्यावर चिटपाखरू नसायचं.

तिने आयडेलाला फोन लावला. आयडेला तिची मावसबहीण. दुसऱ्यांच्या घरात काय शिजतंय हे तिला त्या घरच्या बाईआधी कळायचं.

"अगं, सरळ आहे," आयडेला म्हणाली. "पाणी मुरतंय ते तुझ्याच अंगणात. त्याला स्वयंपाकीण हवीय."

"माझे दात पडलेत आयडेला."

"त्याचे तरी कुठे आहेत? एप्रिलात आला होता की नाही तुझ्या दाराशी? हात पाठीमागे लपवून? बाप्ये हात पाठीमागे कधी लपवतात, मी सांगायला हवं?"

आला होता खरा. एप्रिलात एका सकाळी हॉबर्ट ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला होता. धुतलेला सदरा, केस पाण्याने चापून बसवलेले, आणि पाठीमागे काहीतरी लपवलेलं. डेल्फियाने पडद्याच्या फटीतून बघितलं आणि श्वास रोखून भिंतीला चिकटून उभी राहिली. आर्वेलच्या थडग्यावरची माती अजून बसली नव्हती, आणि हा मेला केस चापून आला! त्याने दोनदा दार वाजवलं, थोडा थांबला आणि गेला. त्यानंतर तिने त्याच्याशी धड तोंड उघडलं नव्हतं.

"बाटली टांगली असेल त्याने कोठारामागे," डेल्फिया म्हणाली. "माझं पाखरू मारणार हा माणूस."

"पाखरू कसलं, तुलाच जाळ्यात ओढतोय तो," आयडेला म्हणाली आणि खुशीत फोन ठेवला.

पाखराचं एवढं का लागलं होतं, हे डेल्फियाने आयडेलाला सांगितलं नाही. कारण ते मायर्टलच्या झाडापाशी जाऊन पोचलं असतं, आणि ते नाव तिला काढायचं नव्हतं.

मायर्टल तिची थोरली बहीण. तिच्याकडे एक लाल साल्व्हिया होती. पान चुरडलं की थेट अननसाचा वास. सगळा उन्हाळा नुसती पानं. सगळी बाग दमली की ऑक्टोबरात ही पेटायची, लांब लांब लाल नळ्यांची फुलं घेऊन. दक्षिणेला निघालेलं उशिराचं पाखरू तिच्यावर शेवटचं पोट भरून घ्यायचं. टॅनयार्डमध्ये रोप कधी हातात देत नाहीत. घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत, मानले की रोप मेलं म्हणून समजा. चोरून नेलं तर मात्र ते हटकून जगतं. पाद्रीबाई बाहेरगावची, तिने हायड्रेंजियाबद्दल तोंड भरून आभार मानले होते. आठवड्यात झाडाचा झाडू झाला. म्हणून मायर्टलने काय केलं, की फावडं डेल्फियाच्या हातात दिलं, पाठ फिरवली आणि म्हणाली, "मी आपली डोंगराकडे बघतेय बाई. मला काही दिसत नाही." डेल्फियाने खोदलं आणि तोंड मिटून घरी आणलं. त्याच हिवाळ्यात मायर्टल गेली.

तेव्हापासून दर ऑक्टोबरात, कडाक्याच्या थंडीआधी, डेल्फिया ते झाड मुळांसकट उचलून बादलीत लावायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. लावायला फांदी कुणालाही दिली नाही. मागायला आलेल्यांना सांगायची, "रोग पडलाय त्याच्यावर." हॉबर्टही एकदा मागायला आला होता. त्यालाही तेच सांगितलं.

आणि गेल्या ऑक्टोबरात ती लेक्सिंग्टनला होती. झाड कुणी उचललं नाही. परत आली तेव्हा बाग काळी पडली होती आणि वसंतात बघितलं तर त्या जागी नुसती माती. बहिणीची एवढी एक वस्तू, तीही आपल्याला सांभाळता आली नाही. नवऱ्यासाठी ती चारचौघांत रडली होती. झाडासाठी रडायला तिला लाज वाटली, म्हणून तिने ते दुःख तसंच गिळलं. या वर्षी ते पाखरू रिकाम्या आकड्यापाशी थांबलं की तिला वाटायचं, ते मायर्टलचंच झाड शोधतंय.

रविवारी तिने गुडघ्यांचं निमित्त काढून चर्च चुकवलं. कोठारापलीकडे पिकअप घुरघुरला, दोनदा हॉर्न वाजला, आवाज वळणाआड विरला. डेल्फियाने एप्रनच्या खिशात भाजीची सुरी टाकली, मूठ बाहेर डोकावत होती. सुरी कशाला, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. बाटलीची दोरी कापायची, असं तिने मनाशी ठरवलं.

फाटक हाताच्या धक्क्याने उघडलं. बिजागऱ्यांना ताजं तेल घातलेलं होतं. तिच्या मनात पाल चुकचुकली. ती कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून कोठारामागे आली आणि जागच्या जागी थांबली.

बाटली नव्हती. उन्हाच्या भिंतीला टेकून, तिच्या डोक्याच्या वर गेलेली, लालभडक साल्व्हिया उभी होती. आणि तो अंगठ्याएवढा जीव या फुलातून त्या फुलात, घोट घोट पीत, तिच्या अस्तित्वाची फिकीर न करता फिरत होता.

डेल्फियाने एक पान तोडून चुरडलं. अननस. तरी तिने विश्वास ठेवला नाही. ती गुडघे मोडून खाली बसली आणि बुंधा चाचपला. जुन्या, लाकडासारख्या खोडाला तांब्याच्या तारेचं कडं होतं. वादळात खोड चिरलं होतं तेव्हा आर्वेलने खाणीतल्या तारेने ते बांधलं होतं. टोकाला त्याची ती नेहमीची पिळाची गाठ. अशी गाठ दुसऱ्या कुणाची नसायची.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरलेलं! म्हणून तर माजलंय असं! चोरलेलं ते जगणारच!

"सुरी आणलीस होय?" मागून आवाज आला. "मी फावडं ठेवलं होतं फाटकाशी."

हॉबर्ट कोपऱ्याशी उभा होता. पिकअप त्याने वळणावर ठेवला असावा. सदरा धुतलेला होता.

"चोर!" डेल्फिया उठता उठता ओरडली. "माझा नवरा तिकडे मरत होता आणि तू माझ्या वाफ्यात शिरलास! लाज नाही वाटली तुला?"

"शिरलो," हॉबर्ट म्हणाला. "रेडिओवर सांगितलं, पहाटे गोठणार. तुम्ही दोघं तिकडे. आर्वेलचं काही खरं नाही, हे सगळ्यांना कळलं होतं. मला वाटलं, डेल्फिया परत येईल तेव्हा एक तरी जिवंत सापडावं."

डेल्फियाने झाडाकडे बघितलं. पण स्वभाव कुठे जातो?

"मग परत का नाही दिलंस? वर्ष झालं!"

"आणलं होतं की. एप्रिलात. बादली पाठीमागे धरून उभा होतो. म्हटलं, दार उघडलंस की पायरीवर ठेवायची आणि पाठ फिरवायची. तू पडद्याआडून बघत राहिलीस. तुझे जोडे दिसत होते खाली."

"ओसरीवर ठेवून जायचंस! फोन करायचास!"

"आणि तू थँक्यू म्हणाली असतीस." हॉबर्टने टोपी काढून हातात घेतली. एका दमात एवढं तो आयुष्यात बोलला नसेल. "दफनाच्या दिवशी जी बाई जेवणाचं भांडं घेऊन आली, तिला तू थँक्यू. खुर्च्या उचलणाऱ्यांना थँक्यू. डिकन येऊन बसला तर त्यालाही म्हणालीस. जिभेला वळणच पडलं होतं तुझ्या. मायर्टलचं झाड, माझी छाती झाली नाही. म्हटलं, आपण दिलंच नाही म्हणजे झालं. तिला चोरू दे. फाटक सोडलं, कुत्रा पुढे बांधला, तेल घातलं, हॉर्न वाजवला. तू एरवी माझ्या कोंबड्या किती अंडी घालतात त्यावर नजर ठेवतेस, आणि एवढं उघडं टाकलेलं तुला दिसेना?"

"दिसलं!" डेल्फिया चिडून म्हणाली. "सगळं दिसलं! म्हणूनच नाही आले!"

पाखरू दोघांच्या मधून सुर्रकन गेलं आणि परत फुलांवर आलं. हॉबर्टने टोपी डोक्यावर घातली.

"मी आपला डोंगराकडे बघतोय," तो म्हणाला आणि पाठमोरा झाला. "मला काही दिसत नाही."

हे शब्द त्याला कुणी शिकवले, असा संशय तिला क्षणभर आला. मग आठवलं की हे शब्द घळीत सगळेच म्हणतात. मायर्टलच्या आधीही म्हणत होते. डेल्फियाने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले, सुरी काढली, आणि फुलं नसलेली एक फांदी कापली. एकच. बाकीचं झाड पाखराचं होतं, निदान ते निघेपर्यंत.

फांदी हातात घेऊन ती उभी राहिली. त्या दोन अक्षरांनी तिचं तोंड भरून आलं होतं, घशापासून दातांपर्यंत. तिने ओठ आवळले, गिळलं, पुन्हा गिळलं.

"हॉबर्ट साइझमोर," ती म्हणाली, "तुझ्या खुराड्याला घाण वास येतोय. साफ कर."

त्याने वळून बघितलं नाही. पण त्याचे खांदे हलत होते.

गुरुवारी पाखरू आलं नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी पहाटे गोठणार म्हणाले, तेव्हा डेल्फिया ते फावडं घेऊन गेली आणि मोठं झाडही चोरून आणलं. चोरीच्या वेळी हॉबर्ट डोंगराकडे बघत होता. परतताना ती फाटकाशी थांबली आणि मोठ्याने, हवेला सांगितल्यासारखं म्हणाली, की उद्या शेंगा आणि मक्याची भाकर आहे, दरवेळी जास्त होते, आणि आपण दुपारी मागच्या अंगणात असतो, तेव्हा पुढच्या दाराला कडी नसते.

आज ते झाड तिच्या खिडकीत आहे, आणि कापून आणलेली ती फांदी पुढच्या दाराने चोरीला जाऊन हॉबर्टच्या खिडकीत. आयडेला सगळीकडे सांगत फिरते की डेल्फियासारखी कृतघ्न बाई नाही, एवढं केलं त्या माणसाने आणि हिने साधे आभारही मानले नाहीत. डेल्फियाने आजतागायत मानलेले नाहीत.