पिंपळगावच्या शर्यतीतलं वळण

पुण्याहून निघाले तेव्हा माझी लेक सई झोपलेली होती. दीड वर्षाची. तिला उठवून निरोप घेण्याची माझी छाती झाली नाही. तिला सासूबाईंच्या हवाली करून मी पिशवी उचलली. जन्मापासून तिच्याशिवाय मी एक रात्रही काढली नव्हती, आणि आता तीन दिवसांसाठी जात होते.

निमित्त होतं ज्योतीचं. माझी ही कॉलेजची मैत्रीण भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला शिक्षिका आहे. गावातल्या बायकामुलींची सहा किलोमीटरची शर्यत तिनं ठरवली होती आणि मदतीला माणसं कमी पडत होती. घरात बसून बसून मीही कंटाळले होते. हो म्हणाले.

भोकरदनपासून पुढे काळीपिवळी जीप. मध्येच ती पंक्चर झाली आणि आम्ही अकरा माणसं तासभर मक्याच्या बांधावर बसलो. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरचीची रानं लागली. ज्योतीच्या घरी पोचले तेव्हा ताटात भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) तयार होतं. मला जेवण गेलं नाही. दूध दाटून छाती दगडासारखी झाली होती.

संध्याकाळी शाळेत आम्ही धावणाऱ्यांना नंबरचे कागद वाटत होतो. मनीषा सगळ्यांत शेवटी आली. चोवीस-पंचवीसची असेल. माहेर हसनाबादचं, शाळेत असताना तालुक्यात पहिली यायची, असं ज्योतीनं सांगितलं. तिचा मुलगा दहा महिन्यांचा होता. पाजून, निजवून यायचं म्हणजे किती वाजता निघावं लागेल, एवढंच तिनं विचारलं. मग तिची नजर माझ्या ब्लाउजवरच्या ओल्या डागाकडे गेली.

"तुमचंबी लेकरू घरी हाय?"

मी मान हलवली. ती पहिल्यांदाच हसली आणि कागद पदराखाली धरून गेली.

सकाळी माझी नेमणूक वळणावर होती. तीन किलोमीटरवर, लिंबाच्या झाडाखाली. येईल तिच्या मनगटात लाल रबर घालायचं आणि परत पाठवायचं. रबर नसेल तर धाव धरली जाणार नव्हती. उभ्या उभ्या मी घरी फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, सई मजेत आहे, उगाच फोन करून तिला आठवण देऊ नकोस. मी फोन ठेवला आणि मला रडू फुटलं.

तेवढ्यात मनीषा दिसली. सगळ्यांच्या पुढे, एकटी. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट, पाय मातीला जेमतेम लागत होते. मी रबर हातात धरून पुढे झाले. ती दहा पावलांवर असताना मागून मोटरसायकल आली. तिचा दीर होता.

"वहिनी, लेकरू रडून राह्यलं. आई म्हणती, जल्दी चला."

मनीषा थांबली. तिनं दिराकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"ताई, काय करू?"

माझे डोळे अजून ओलेच होते. मी म्हणाले, "जा. लेकरू रडतंय."

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग गाडीवर बसली. धुरळा खाली बसायच्या आत दुसरी मुलगी आली आणि तिच्या हातात मी ते रबर घातलं.

बक्षिसं वाटून झाल्यावर ज्योतीला घेऊन मी मनीषाच्या घरी गेले. ओसरीत झोळी टांगलेली होती आणि पोरगं गाढ झोपलेलं. सासू म्हणाली, जरा कुरकुरलं होतं, झोका दिला तसं निजलं. मनीषा चुलीपुढे भाकरी थापत होती. नंबरचा कागद अजून तिच्या अंगावर तसाच होता. मी जवळ बसले. ती हळू आवाजात बोलली, माझ्याकडे न बघता.

"मी आले तव्हा झोपलंच व्हतं, ताई." भाकरी तव्यावर टाकली. "तुमी तुमचं ठिवून आल्ता. मला वाटलं, तुमी पळ म्हणताल."

निघताना सासूनं पिशवीभर मिरच्या दिल्या. मी त्या घेतल्या.

परतीचा सगळा रस्ता मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. घरी पोचले तर सई आजीच्या खांद्यात तोंड लपवून बसली, हात पुढे केले तरी येईना. तासाभरानं आपणच आली आणि मांडीत झोपली. तीन दिवसांत एकदाही रडली नाही, असं सासूबाईंनी कौतुकानं सांगितलं. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी ज्योतीचा फोन आला. गावच्या मुली रोज पहाटे सरावाला येतात, पुढच्या शर्यतीचंही चाललंय. मी मनीषाचं विचारलं. ती येत नाही, ज्योती म्हणाली. घरचे म्हणतात, शहरातल्या शिकलेल्या बाईनंसुद्धा तिला परतच पाठवलं.