चार ओळी साहेबांच्या

पाहणीसाहेबांची नजर म्हणजे नजर! असं ते स्वतः म्हणत, आणि बावीस वर्षं ऐकून ऐकून कचेरीतले बाकीचेही म्हणायला लागले होते. उन्हाळा सरत आला, मका डोक्याएवढा झाला, की मोटारीतून पाहणीला निघायचं आणि यंदा शंभरात किती पीक येणार याचा आकडा कचेरीत द्यायचा, हे त्यांचं काम. बाकीचे पाहणीदार बिचारे बूट मातीत घालून शेतात शिरत, टेप लावत, कणसं सोलून दाणे मोजत. साहेबांनी बावीस वर्षांत गाडीतून खाली पाय ठेवला नव्हता. "खाली उतरलं की माणूस एका झाडात अडकतो," ते नव्या पोरांना सांगत. "पीक बघायचं ते चालत्या गाडीतून." काच चार बोटं खाली, कोपर बाहेर, गाडीचा वेग तीस. उंटावरून शेळ्या हाकायचा याहून आरामशीर प्रकार कुणाला सुचला नसेल.

आणि गंमत अशी, की आकडा जुळायचा. रस्त्याकडेच्या शेतांना साहेब दरवर्षी पंचेचाळीसच्या आसपास देत, आणि कापणी झाली की शेतकरी कचेरीत येऊन हात जोडून सांगत, "साहेब, पंचेचाळीस म्हणालात, पंचेचाळीसच भरलं बघा." एकदाही इकडचं तिकडे नाही. दुसऱ्या एखाद्याला संशय आला असता. साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

रस्त्यापासून आत असलेल्या शेतांसाठी त्यांनी एक नियम करून ठेवला होता. रस्त्याकडेच्या पिकावर धूळ बसते, आतल्या पिकावर बसत नाही, म्हणून आतलं पीक दहाने जास्त. रस्त्याला पंचेचाळीस, तर आत पंचावन्न. ती शेतं पाहायचा त्रासच नको. कालव्याचं पाणी मात्र याच आकड्यांवर वाटलं जाई. पन्नासच्या खाली असतील त्यांना पुढच्या हंगामात पाणी आधी, वर असतील त्यांना उरलं तर.

यंदा निवृत्तीला आठ दिवस उरले होते. साहेबांच्या पद्धतीवर कचेरीने एक पुस्तिका छापायला घेतली होती, नव्या भरतीतल्या प्रत्येकाच्या हातात द्यायला. मुखपृष्ठावर मोटारीची खिडकी आणि तिच्यातून बाहेर आलेलं साहेबांचं कोपर. फक्त यंदाचा आकडा शेवटच्या पानावर यायचा होता. नवऱ्याचं कर्तृत्व एकदा तरी डोळ्यांनी पाहावं, म्हणून साहेबांनी या वेळी बायकोलाही बरोबर घेतलं. ती नको नको म्हणत होती. साहेबांना वाटलं, लाजते आहे.

गाडी गावाबाहेर पडली. ट्रॅक्टर दुरुस्तीची दोन दुकानं गेली, गवताचे बांधून ठेवलेले गठ्ठे गेले, माना टाकलेल्या सूर्यफुलांचा एक पट्टा गेला. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका सुरू झाला. पिवळा, खुरटलेला, पानं वळलेली.

"बघ," साहेब मागे वळून बायकोला म्हणाले. "ते बुजगावणं दिसतंय? त्याचा कोट बघ कसा लोंबतोय. पीक चांगलं असलं की माणूस बुजगावण्यालाही बरा कोट घालतो. या खुणा पुस्तकात नसतात."

"हो का," बायको म्हणाली.

नदीपाशी आल्यावर पुलावर आडवी फळी लावलेली दिसली. दुरुस्ती चालू, रस्ता बंद. बावीस वर्षं साहेबांची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरने लगेच गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

"साहेब, परत फिरू या. उद्या येऊ."

"उद्या पुस्तिका छापायला जायची आहे. आतल्या वाटेने घे."

"आतली वाट वाईट आहे, साहेब. गाडी अडकेल."

"घे म्हणतो ना!"

ड्रायव्हरने आरशातून बाईसाहेबांकडे पाहिलं. बाईसाहेब खिडकीबाहेर बघत होत्या. त्याने नाइलाजाने गाडी वळवली.

आतली शेतं साहेबांनी जन्मात प्रथमच पाहिली. तिथे मका असा नव्हताच, काड्या होत्या. एका शेताच्या कडेला एक म्हातारी डोक्यावर पाण्याचा डबा घेऊन चालली होती. एकेका झाडाच्या बुंध्याशी ती पेलाभर पाणी ओतत होती. गाडी बघून ती आडवीच आली, तेव्हा थांबावं लागलं.

"पाहणीची गाडी ना ही?" म्हातारी म्हणाली. "ते साहेब कधी येणार हो इकडे? बावीस वर्षं झाली, आमचं पंचावन्न भरतं म्हणे कागदावर. मला एकदा त्यांना विचारायचंय, कुठल्या शेतात भरतं? मी जाऊन बघून तरी येईन."

साहेबांनी कोपर आत घेतलं. ड्रायव्हर म्हणाला, "येतील, येतील," आणि गाडी पुढे काढली.

पुढे वाट वळली आणि पुन्हा मका आला. पण हा मका! गडद हिरवा, दाट, हात वर केला तरी शेंड्याला लागायचा नाही असा. एकेका ताटाला दोन दोन कणसं.

"हे कुणाचं शेत?"

ड्रायव्हर फडक्याने समोरची काच पुसायला लागला. शेवटी बायको म्हणाली, "दादाचं."

तिचा भाऊ, म्हणजे साहेबांचा मेहुणा. त्याच्या शेताला साहेबांनी मागच्या वर्षीच पंचेचाळीस दिले होते, उलट नात्यातला म्हणून कुणी बोट दाखवू नये यासाठी दोन कमीच केले होते. पण ते शेत तर मोठ्या रस्त्याला होतं!

"गाडी थांबव," साहेब म्हणाले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा खाली उतरले.

ते मक्यात शिरले. पानं तोंडावर घासत होती, पायाखाली ओल होती, वर आभाळ दिसत नव्हतं. दोनशे पावलं चालल्यावर मका एकदम संपला आणि समोर रस्त्याकडेच्या उंचवट्यावर छातीएवढ्या चार वाळक्या ओळी आल्या. त्यांच्या पलीकडे रस्ता होता. त्यांचा नेहमीचा रस्ता. ओळींशी वाकून मेहुणा पाण्याचा पाट मातीने बुजवत होता.

"भावोजी!" तो ताडकन उभा राहिला. "तुम्ही इकडून कसे? हा तुमचा रस्ता नव्हे!"

"हे काय आहे?"

मेहुण्याने एकदा मागच्या हिरव्या मक्याकडे पाहिलं, एकदा पुढच्या वाळक्या ओळींकडे. आता लपवायचं तरी काय? "या चार ओळी तुमच्या, भावोजी. मागचं सगळं आमचं."

"माझ्या?"

"सगळ्यांच्याच शेतात आहेत. साहेबांच्या ओळी म्हणतात त्यांना. सोपं काम नाही हो ते. जास्त वाळवल्या तर तुम्ही खाली उतराल ही भीती, कमी वाळवल्या तर पन्नासच्या वर जाल. एका वर्षी माझ्या फार वाळल्या, तुम्ही गाडी हळू केलीत. आमचा जीव नुसता टांगणीला!" आणि मग त्याने अगदी मनापासून सांगितलं, "तुम्ही जाणार म्हणून सगळे हळहळतायत. असा साहेब पुन्हा मिळायचा नाही."

"आणि आकडा? तो दरवर्षी जुळतो तो?"

"ड्रायव्हर संध्याकाळी येऊन सांगतो ना, तुम्ही काय लिहिलंत ते. मग आम्ही तेवढंच सांगतो."

साहेब आल्या वाटेने परत गेले. त्यांच्या केसांत मक्याचा तुरा अडकला होता. कुणी काढला नाही.

गाडीत बसल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"दादाकडून दरवर्षी टोपलीभर कणसं येतात," ती म्हणाली. "हाताएवढी. चाटूनपुसून तुम्हीच खाता. एकदा तरी विचारायचं होतंत, कुठून आली."

साहेबांनी वही काढली. खरं लिहायचं तर रस्त्याला नव्वद आणि आत वीस. म्हातारीला पुढच्या हंगामात पाणी आधी मिळालं असतं. पण मग बावीस वर्षांचे आकडे कुणीतरी पुन्हा काढून बघितले असते, पुस्तिका बंबात गेली असती, आणि ते कोपर बघून कचेरीतली पोरं पोट धरून हसली असती. पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं. पुढे ड्रायव्हर कान टवकारून बसला होता. त्याला संध्याकाळी घरोघर जायचं होतं.

"रस्त्याला पंचेचाळीस," साहेब म्हणाले.

ड्रायव्हरने गाडी आल्या वाटेने मागे वळवली. "आणि आत, साहेब?"

पुढच्या वळणावर म्हातारी दिसली. डबा रिकामा करून ती पुन्हा पाण्याला निघाली होती.

"पंचावन्न."

बावीस वर्षं साहेब चुकत आले होते, पण खोटं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. ते त्यांनी त्या दिवशी स्वच्छ अक्षरात लिहिलं, खाली सही केली, आणि म्हातारीजवळून गाडी जाण्याआधी चार बोटं उघडी असलेली काच वर घेतली.