सहलीचे बूट

माझी मुलगी हट्ट करत नाही. लोक म्हणतात, नशीबवान आहेस. मला मात्र तिच्या शहाणपणाचा राग येतो. गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंचा पाय मुरगळला. मी काही म्हणायच्या आत ही बोलून मोकळी, "मले नाई जायचं. तिथं काय हाये एवढं?" आणि दुसऱ्या दिवशी आजीजवळ बसून संध्याकाळपर्यंत मेथीच्या जुड्या बांधत राहिली. रडली असती, आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. सहावीतल्या पोरीनं इतकं समजूतदार असू नये. यंदा लोणारची सहल ठरली तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं, काहीही होवो, ही गाडीत बसणार म्हणजे बसणार.

आमचा भाजीपाल्याचा मळा मालेगावला लागूनच आहे. थंडीत मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. संध्याकाळी जुड्या बांधायच्या आणि ओट्यावर गोणपाट पसरून त्यावर रचून ठेवायच्या. रात्रभर दव पडतं, जुड्या ताज्या राहतात. पहाटे नवरा उठतो, पाणी शिंपडतो, गोणपाटाचे चार कोपरे धरून गाठ मारतो आणि सगळी गाठोडी ऑटोत टाकून बाजारात हर्रासाला, म्हणजे लिलावाला नेतो. आमची झोप मोडू नये म्हणून ओट्यावरचा दिवासुद्धा लावत नाही. हे सगळं त्याचे हात करतात, डोकं तोवर झोपेतच असतं. मी हे रोज बघते, तरी आदल्या रात्री मला ते आठवलं नाही.

शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं की लोणारचा उतार अवघड आहे, चपला घालून येईल तिला गाडीत घेणार नाही. म्हणून मी तिचे पांढरे बूट घासूनपुसून दिवसभर उन्हात वाळवले. सासूबाई पायातली वस्तू उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत, त्यामुळे रात्री बूट ओट्यावरच राहणार होते. फरशी दवानं ओली होते. मग मी मोठं डोकं चालवून ते कडेच्या गोणपाटावर, मेथीला टेकवून ठेवले. आणि आपण किती हुशार, असं म्हणत झोपले.

पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या. नवरा केव्हाच गेला होता. चुलीपुढे बसवून पोरीची वेणी घातली, स्वेटर चढवला, डबा पिशवीत घातला. ती दारापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, "आई, बूट कुठी हायेत?"

ओटा झाडून नेल्यासारखा रिकामा होता. मी ओट्याखाली पाहिलं, हौदामागे पाहिलं. सासूबाई घोंगडीतूनच म्हणाल्या, "तुह्या नवऱ्यानं मेथीत बांधून नेले असतीन." मी फोन लावला. तो घरातच चार्जरला लटकून वाजायला लागला.

पोरीनं माझ्याकडे पाहिलं आणि स्वेटरची बटणं काढायला लागली. "जाऊ दे आई. पुढच्या साली जाईन."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "बटन लाव," मी म्हटलं. "गाडीवर बस, अन् मले गच्च धर."

स्कुटी थंडीत लवकर सुरू होत नाही. मी तिला इतक्या किका मारल्या की सासूबाई बाहेर येऊन बघायला लागल्या. शेवटी सुरू झाली. रस्त्यानं धुकं होतं, बोटं बधिर झाली होती, मागे पोरगी चपला घालून बसली होती. वाटेत शाळा लागली. फाटकासमोर लाल एसटी उभी होती आणि मुली चढत होत्या. मी गाडी थांबवली नाही.

बाजारात आमच्याच गाठोड्यांसमोर गर्दी होती. अडत्या बोली पुकारत होता, नवरा हाताची घडी घालून बाजूला उभा. मी कानात सांगितलं तसा त्याचा चेहरा पडला. पण हलेना. "बोली चालू हाये," तो कुजबुजला. "आता मालाले हात लावला तं लोक काय म्हंतीन? थोडं थांब."

बाजारातली रीतच आहे ती. बोली सुरू झाली की मालकानं मालाला शिवायचं नाही, नाहीतर चांगला माल वर, खराब खाली करतो म्हणून नाव खराब होतं. नवऱ्यानं ते नाव वर्षानुवर्षं जपलंय, मला ठाऊक आहे. पण तिकडे एसटी उभी होती. मी पदर खोचला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"काका, थांबवा."

पोरगी गर्दीतून पुढे गेली होती. इतक्या माणसांत, बापाच्या वयाच्या व्यापाऱ्यांमध्ये, गाठोड्याला लागून उभी. आवाज कापत होता, पण मोठा होता. "माये बूट हायेत ह्याच्यात. मले सहलीले जायचं हाये. मले आजच जायचं हाये."

अडत्या थांबला. सगळे थांबले. या पोरीनं जन्मात कधी "मले पाह्यजे" असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि आता भर बाजारात ऐकत होते. मला रडू आलं, मी ते लपवलंही नाही. नवऱ्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग वाकला आणि चालू बोलीत स्वतःच्या हातानं गाठ सोडली.

पहिल्यात नव्हते. दुसऱ्यात तळाशी निघाले, चिंब ओले, नाडीत मेथीची पानं अडकलेली. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. अडत्या म्हणाला, "घाल पोरी लवकर, अन् वैनी, तुमी पळा." पोरीनं ओल्या बुटात पाय घातले. तिच्या बापानं मेथी तशीच पसरलेली टाकून गुडघ्यावर बसून नाड्या बांधल्या.

परतताना मी स्कुटी कशी चालवली ते विचारू नका. एसटीचं इंजिन सुरू झालं होतं, बाई दारात उभ्या राहून मोजणी करत होत्या. त्यांनी बुटांकडे पाहिलं. "ओले कसे गं?" पोरगी म्हणाली, "सांगते," आणि चढली.

मी फाटकाशी उभी राहिले. ती खिडकीपाशी बसली. मला वाटलं हात हलवेल, पण तिला वेळ नव्हता. मैत्रिणी तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या आणि ती उभी राहून काहीतरी सांगत होती. मग तिनं कमरेवर हात ठेवला, डोळे मोठे केले आणि हवेत जोरजोरात किका मारून दाखवल्या. ती माझी नक्कल करत होती. पोरी खिदळत होत्या, तिचं स्वतःचंही हसू थांबत नव्हतं. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती माझी नक्कलच करत होती.