पहिल्या पंगतीचा गार्नेट

माझे वडील बोअरवेलच्या गाडीवर आहेत. पाथर्डीकडच्या कोरड्या गावांत जमिनीला खोल भोक पाडायचं आणि वर काय येतंय ते बघत बसायचं, हा त्यांचा धंदा. काळा दगड हमखास येतो, पाणी नशिबात असलं तर. त्यामुळे मी दगडांवर पीएच.डी. करते याचं घरात एकट्या त्यांनाच नवल वाटलं नाही. पुण्याहून नगरला सावेडीच्या घरी आले की चपला काढायच्या आत ते विचारायचे, "मंग, किती खाली हुता तुजा दगूड?"

प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागायचा. माझा दगड नगरचा नव्हे, दूर दक्षिणेतला. आत डाळिंबाच्या दाण्यांसारखे लालबुंद गार्नेट. कधीकाळी तो जमिनीत खोल गाडला गेला, तिथल्या उष्णतेनं आणि दाबानं त्याची खनिजं बदलली, आणि मग तो वर आला. किती खोल गेला होता ते खनिजंच सांगतात. दाब वाढला की कॅल्शियम फेल्डस्पार या शेजारच्या खनिजातून गार्नेटमध्ये सरकतं. कुणाकडे किती उरलंय ते यंत्रावर मोजायचं, त्यावरून दाब काढायचा आणि दाबावरून खोली. अट एकच: दोन्ही खनिजांची वाटणी एकाच वेळी, एकाच परिस्थितीत झालेली हवी.

माझं उत्तर येत होतं पन्नास किलोमीटर. मला ते फार आवडलं होतं, भारदस्त वाटायचं. पण त्याच दगडात सिलिमनाइट नावाच्या खनिजाच्या बारीक सुया होत्या, आणि एवढ्या दाबाखाली त्या टिकूच शकत नाहीत. म्हणजे दगड स्वतःच मला खोटं पाडत होता. माझ्या गाइड मॅडमनी शांतपणे सांगितलं की हिशोब जुळत नसेल तर हा नमुना वगळा. वगळा म्हणजे प्रबंधातलं अख्खं प्रकरण गेलं. नवा नमुना, नवी मोजणी, आणखी एक वर्ष. आणि हे शेवटचं वर्ष, असं मी घरी छातीठोकपणे सांगून बसले होते.

अशात आतेभावाचं लग्न निघालं. मी तोंड पाडूनच गावी गेले. नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत, बुद्धवंदना झाली, विधी आटोपशीर झाला आणि सगळं गाव जेवायला लोटलं. धरले होते त्याच्या दुप्पट लोक आले. आमच्याकडे अशा वेळी कुणी घाबरत नाही. आचारी आमटीत उकळतं पाणी ओततो, वरून मूठभर मीठ टाकतो आणि पुढची पंगत बसवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आत्या आणि थोरले चुलते यांची आमटीवरून जुंपली. चुलते पाहुण्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसलेले. त्यांच्या मते आमटी जाळ होती, रात्रभर पोट धरून बसावं लागलं. आत्या वरमाई, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर शेवटी जेवलेली. ती म्हणाली, कसली आमटी, नुसतं पिवळं पाणी. दोघंही हटेनात. आचाऱ्याचे उरलेले पैसे द्यायचे की कापायचे, इथवर गाडी गेली. शेवटी आत्यानं नव्या नवरीलाच पंच नेमलं. पोरगी हुशार. ती खाली मान घालून म्हणाली की आमटी बेताची होती. सगळे खूश झाले. वाद मिटला.

मी मात्र चहाचा घोट घेता घेता थांबले. बेताची आमटी त्या मांडवात कुणीच जेवलं नव्हतं. पहिल्या पंगतीची जाळ होती, शेवटच्या पंगतीची पाणी होती. मधली फक्त या चहाच्या बैठकीत शिजली. आणि मी तरी दुसरं काय करत होते? गार्नेट आतून बाहेर वाढत जातो, त्याचं पोट आधी होतं आणि कड सगळ्यांत शेवटी. पोटातला भाग स्वच्छ, बिनतड्यांचा, म्हणून मी मोजला होता पोटात. फेल्डस्पारही लांबचा, चांगला मोठा दाणा निवडलेला, पण तो मात्र कडेला मोजलेला. एक पहिल्या पंगतीचा, एक शेवटच्या. दोघांची साक्ष एकत्र करून मी जो दाब काढला तो या दगडानं कधी सोसलाच नव्हता.

मला इतकं हसू फुटलं की आत्याला वाटलं मी तिलाच हसतेय. तिची समजूत काढण्यात बराच वेळ गेला.

पुण्याला परतल्यावर मी यंत्रावर वेळ मागून घेतला. या वेळी गार्नेटची अगदी कड आणि तिला चिकटून वाढलेला फेल्डस्पार. दाणे ओबडधोबड, एकाला तर तडा गेलेला. पण उत्तर आलं सात किलोबार दाब, म्हणजे साधारण पंचवीस किलोमीटर. दुसऱ्या खनिजांच्या जोडीवरून हिशोब केला, तोही तिथेच जवळपास. सिलिमनाइटच्या सुयांचीही आता काही तक्रार नव्हती. आकडा निम्मा झाला आणि मला आभाळ ठेंगणं झालं. मॅडमनी आलेख दोनदा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, प्रकरण राहू द्या.

खाली येऊन मी पहिला फोन वडिलांना केला. मागे त्यांच्या गाडीचा घरघराट चालू होता.

"पंचवीस किलोमीटर," मी ओरडून सांगितलं. "आता पक्कं."

घरघराट बंद झाला. त्यांनी गाडी थांबवायला लावली होती.

"पंचवीस. म्हंजी आपल्या दारातून सुप्यापतुर," ते सावकाश म्हणाले. "पर सरळ खाली."

"हो."

"आन मंग वर कसा आला?"

हा प्रश्न मॅडमनी अजून विचारला नव्हता. मी म्हटलं, ते पुढच्या प्रकरणात येतं, आणि ते अजून झालेलं नाही. मग धीर करून खरं ते सांगितलं, की यंदा संपेलच असं नाही.

"लागू दे येळ," वडील म्हणाले. "येवढ्या खालून यायचंय. घाई करून भागतंय व्हय?"

पलीकडे त्यांनी कुणाला तरी गाडी चालू करायला सांगितलं.