रोजा लागला होता

आमच्यात म्हणतात, रोजा लागतो. उपाशी माणूस दुपारनंतर चिडला, ओरडला, की घरचे एकमेकांना खुणावतात, "जाने दो, रोजा लगा उसको." माझ्या हातून धाकट्या भावाचा कान फुटला तेव्हाही सगळे हेच म्हणाले. मीही मान डोलावली.

तेव्हा मी क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्यात रक्त काढायचं काम करायचो. तिथल्या डॉक्टरीणबाई रोजेदारांचं वजन आणि रक्त तपासत होत्या. रमजानच्या आधी, मधे आणि शेवटी. भूक पेटवणारं घ्रेलिन किती, पुरे म्हणणारं लेप्टिन किती. आम्ही दोघा भावांनी नावं दिली होती.

दुसऱ्या आठवड्यात मी रोजा मोडला. आजार नव्हता, प्रवास नव्हता, नुसती भूक. हर्सूलच्या रस्त्याला एका हॉटेलनं रमजानपुरता पडदा लावलेला, आत कोण खातंय ते बाहेर दिसू नये म्हणून. त्या पडद्याआड रोज दुपारी खिमा-पाव खायचो, तोंड धुवायचो आणि ओठ वाळेपर्यंत थांबून कामावर यायचो.

मधल्या तपासणीला रक्त देऊन झालं. भाऊ वजनकाट्यावरून उतरला, मी चढलो. आकडा बघून तो पाच-सहा जणांदेखत हसला. "भाईजान, मेरा उतर रा, तुम्हारा चढ रा! चुपके चुपके क्या चल रा, बोल दूं सबको?"

मी काट्यावरून उतरलो आणि उघड्या पंजानं त्याच्या डाव्या कानावर हाणली. तो काट्यावर आपटला. हसू अजून तोंडावरच होतं, म्हणून कॉलर धरून उठवला आणि त्याच कानावर दुसरी. त्यानं हात वर केले तर ते पिरगाळून त्याचं डोकं भिंतीवर आदळलं. काचेच्या नळ्यांचा ट्रे फुटला. दोघांनी मला मागून आवळलं, तरी लाथ घातली. ती बरगडीत बसली. कानातून रक्ताची बारीक धार आली आणि कॉलरीत मुरली. मला फक्त त्याचं तोंड बंद करायचं होतं. उपाशी माणसाच्या अंगात एवढं बळ कुठून, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

कानात कापूस घालून घेताना तो म्हणाला, "क्या भाईजान, मजाक भी नक्को? अम्मी चुपके से अपने भजिए तुम्हारी प्लेट में डालती, वो बोल रा था मैं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इफ्तारला तळलेलं जास्त झालं की काहींचं वजन वाढतंच. पुढं माझ्या रक्ताचा कागद आला. घ्रेलिन खाली. "शरीर छान रुळलंय तुमचं," त्या म्हणाल्या. मी कागद फाडला. भावाचा डावा कान गेला तो गेलाच.

इतकी वर्षं मी इफ्तारला त्याच्या डाव्या बाजूला बसायचो. यंदा उजव्या बाजूला बसलो. अजानला पाच मिनिटं होती. पडदा, खिमा-पाव, वाळवलेले ओठ, सगळं सांगितलं.

हातातला खजूर त्यानं खाली ठेवला. "मतलब, रोजा नहीं लगा था?"

"नहीं."

"फिर मारा किसने, भाईजान?"

"मैंने."

अजान झाली. त्यानं खजूर तोंडात टाकला. दरवर्षी खजुरानंतर तो भज्यांची बशी आधी माझ्याकडे सरकवतो. या वेळी सरकवली नाही.